नाकताईंची राखण

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर राहणाऱ्या बाईंना सगळे नाकताई म्हणतात आणि त्यांना त्याचा राग येत नाही. हे नाव त्यांना तेलाच्या गिरणीत मिळालं. तिथे त्यांचं काम वास घेण्याचं. टाकीतल्या तेलाचा एक थेंब तळहातावर घ्यायचा, दुसऱ्या तळहाताने तो कोमट होईपर्यंत चोळायचा, ओंजळ नाकाशी न्यायची आणि एकच श्वास घ्यायचा. दुसरा श्वास खोटं बोलतो, असं त्यांचं म्हणणं. मग त्या "जाऊ दे" म्हणतात किंवा "थांबवा" म्हणतात. "थांबवा" म्हटलं की गिरणीचा मालकसुद्धा वाद घालत नाही.

या नाकापायी शेजाऱ्यांनीही थोडंफार सोसलं आहे. एकदा मी जुन्या पुस्तकांच्या कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवल्या. मी दुसऱ्या मजल्यावर, कपाट बंद, दार बंद. सकाळी नाकताई वर आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "मास्तर, तुमच्याकडे काय मेलंय?" गोळ्या त्याच दिवशी गेल्या. पुस्तकांना कसर लागली तर लागो, शेजार महत्त्वाचा.

त्यांच्यासोबत त्यांचे थोरले भाऊ राहतात. आयुष्यभर त्यांनी शहराची बस चालवली. बायको गेल्यावर ते बहिणीकडे आले आणि इमारतीचे दादा झाले. नाकताईंनी लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलं तर उत्तर दादाच देत. "आलेल्या प्रत्येक मुलाला हिनं हुंगून परत पाठवलं."

"एकाला ठेवणार होते," नाकताई म्हणत. "पण तो तुझ्यासोबत एक कप चहा प्यायला आणि तुझा मित्र झाला. मग कसला ठेवतेय."

दुपारी मी खाली जाई. दादा आणि मी एकच वर्तमानपत्र दोन भागांत वाटून वाचत असू आणि नाकताई कामावरून आल्या की आम्हा दोघांना उठवून खुर्च्या जागेवर लावत. असं बरंच चाललं होतं. मग दादांना दम लागू लागला. कुठे न पडता-आपटता अंगावर निळे डाग उठू लागले. तपासण्या झाल्या आणि रक्ताचा कर्करोग निघाला.

पहिल्या औषधांनी तो दबला, पण पुन्हा उलटला. मधल्या काळात दादांना वरचेवर रक्त द्यावं लागलं. दुसऱ्याच्या रक्ताची पिशवी आली की तिच्यासोबत लोहही येतं, आणि शरीराला जास्तीचं लोह बाहेर टाकता येत नाही. ते अंगातच साठत जातं. हे मला दादांच्या रुग्णालयात कळलं. दादा मला सोबत नेत, कारण सही करण्याआधी कागद वाचायला घरचा नसलेला एक डोळा हवा, असं त्यांचं मत.

तिथल्या डॉक्टरबाई वयाने लहान होत्या आणि बोलताना हातमोज्यांच्या रिकाम्या खोक्यावर पेनने चित्र काढत. त्या दिवशी त्यांनी एक गोल काढला आणि त्याभोवती दुसरा गोल.

"पेशी मरण्याच्या बऱ्याच तऱ्हा असतात," त्या म्हणाल्या. "पहिल्या औषधांनी ज्या तऱ्हेनं मारायचं, तिला या पेशी आता दाद देत नाहीत. म्हणून आम्ही वेगळी तऱ्हा आजमावतोय. हे बाहेरचं आवरण चरबीचं असतं. आत लोह मोकळं फिरायला लागलं की ते या चरबीला खवट करतं. खवट झालेलं आवरण फाटतं आणि पेशी मरते."

"खवट?" दादांच्या पलीकडे बसलेल्या नाकताई म्हणाल्या.

"हो. तेल खवट होतं ना, जवळजवळ तसंच."

"आणि तुम्ही ते मुद्दाम करणार?"

"मुद्दाम. प्रत्येक पेशी स्वतःला खवट होण्यापासून जपत असते. आमचं औषध ती जपणूक ढिली करतं. कर्करोगाच्या पेशी वाढीच्या हावेपायी लोह जास्त ओढून घेतात, त्यामुळे आधी त्या मरतील अशी आमची अपेक्षा आहे. खात्री नाही देत मी. हा प्रयोग आहे. तुमच्यासारखे आणखी काहीजण यात आहेत."

"चांगलं आहे," दादा म्हणाले. "ज्या गोष्टीशी ही जन्मभर भांडली, तीच आता भावाच्या अंगात सोडणार."

डॉक्टरबाई हसल्या. मग त्यांनी विचारलं की दुसरं काही चालू आहे का. गोळ्या, काढे, ताकदीची पावडर, जीवनसत्त्वं. दादा म्हणाले, नाही. "पुढेही मला विचारल्याशिवाय काही घ्यायचं नाही. साधं जीवनसत्त्वसुद्धा नाही." आम्ही तिघांनीही माना हलवल्या. नाकताईंनीही हलवली. मी पाहिलं आहे.

घरी परतल्यावर दादा आत जाऊन आडवे झाले. नाकताई दारात किल्ल्या हातात घेऊन उभ्या राहिल्या.

"मास्तर, खवट तेलाचं एक पिंप चुकून चांगल्या टाकीत ओतलं, तर टाकी किती वाचते?"

"तुम्हीच सांगा."

"थेंबभर वाचत नाही."

मला वाटलं, त्या गिरणीतलंच काहीतरी सांगताहेत. मी वर गेलो.

इथे गिरणीबद्दल थोडं सांगायला हवं. तिथे तेलाला लोखंड दाखवत नाहीत. टाक्या, नळ, पळ्या, सगळं स्टीलचं, तेही न गंजणारं. एकदा दुरुस्तीला आलेल्या माणसाचा लोखंडी पाना टाकीत पडला आणि त्याने भीतीपोटी ते कुणाला सांगितलं नाही. नाकताईंनी "थांबवा" म्हटलं तेव्हा उशीर झाला होता. सगळं तेल साबणवाल्याकडे गेलं. याशिवाय गिरणीत एका लहान डब्यात घट्ट पिवळं द्रव असतं. डबे भरण्याआधी ते टाकीत अगदी थोडं मिसळलं की तेल महिनोन् महिने ताजं राहतं. कागदोपत्री ते ई जीवनसत्त्व. कामगार त्याला राखण म्हणतात. "राखण घातली का?" असं विचारल्याशिवाय तिथे एकही झाकण बंद होत नाही.

तीच राखण औषधाच्या दुकानात मऊ पिवळ्या गोळ्यांच्या रूपात मिळते, हे नाकताईंना ठाऊक होतं.

दादांना औषध सुरू झालं त्याच आठवड्यात त्यांनी त्या गोळ्या आणल्या. रोज संध्याकाळी त्या दोन गोळ्या सुईने टोचून दादांच्या दुधात पिळत, साखर घालून ढवळत आणि पेला त्यांच्या हातात देत. दादांना कळायचं कारण नव्हतं. त्या घरात वास घेण्याचा मक्ता बहिणीकडे असल्याने त्यांचं नाक कधीच निवृत्त झालं होतं. नाकताईंचा हिशोब सरळ होता. डॉक्टरांना वाईट पेशी खवट करायच्या असतील तर त्यांनी कराव्यात. पण खवटपणा एका जागी थांबत नाही, हे डॉक्टरांना कसं कळणार? त्यांनी टाकी बिघडताना कुठे पाहिली आहे? म्हणून चांगल्या पेशींना आधीच राखण घालून ठेवायची.

मग डॉक्टरांना सांगितलं का नाही, असं मी त्यांना पुढे विचारलं. त्यांनी आधी सांगितलं की राखण म्हणजे औषध नव्हे, ती तर घरातल्या तेलाच्या डब्यातही असते. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आणि त्या नको म्हणाल्या असत्या." दोन्ही कारणं खरी होती, हे मी त्यांना ओळखतो म्हणून सांगतो.

पहिला निकाल आला तेव्हा आम्ही तिघे पुन्हा त्याच खोलीत होतो. डॉक्टरबाईंनी या वेळी चित्र काढलं नाही.

"औषध रक्तात नीट पोचतंय," त्या म्हणाल्या. "पण वाईट पेशी आहेत तेवढ्याच आहेत. मरत नाहीत. का, ते मला कळत नाहीये. इतर दोघा-तिघांमध्ये थोड्या तरी कमी झाल्यात. पुढच्या तपासणीतही असंच दिसलं तर हे थांबवावं लागेल."

"थांबवल्यावर पुढे काय?" दादांनी विचारलं.

"मग त्रास कमी राहील एवढं पाहायचं."

दादांनी मान डोलावली. बसमध्ये चढलेल्याने पुढच्या थांब्याचं नाव सांगावं आणि चालकाने ऐकून घ्यावं, तशी.

"औषध त्यांची जपणूक काढून घेतं, तरी त्या खवट होत नाहीत," डॉक्टरबाई स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "जणू कुणीतरी बाहेरून त्यांना जपतंय."

मी सहज नाकताईंकडे पाहिलं. त्या मांडीवरच्या पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत होत्या आणि बोट पांढरं पडलं होतं.

त्या संध्याकाळपासून दुधातल्या गोळ्या बंद झाल्या. पण नाकताई बोलल्या नाहीत. त्यांचा स्वभावच असा की नाकाने साक्ष दिल्याशिवाय त्या कशावर शिक्कामोर्तब करत नाहीत. दुसऱ्या दिवशी मी खाली गेलो तर स्वयंपाकघराच्या खिडकीत, उन्हात, काचेच्या दोन वाट्या होत्या. दोन्हीत तेल आणि दोन्हीत एकेक गंजका खिळा.

"हे काय?" मी विचारलं.

"गिरणीचं काम घरी आणलंय," दादा वर्तमानपत्रातून म्हणाले. "जन्मात तेलाला लोखंड दाखवलं नाही आणि आता खिळे बुडवून ठेवतेय. वय झालं."

"हात लावू नका," नाकताई आतून म्हणाल्या. त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती, म्हणून आम्ही दोघेही पुन्हा वर्तमानपत्रात शिरलो.

रोज कामावरून आल्या की पायातल्या चपलाही न काढता त्या खिडकीशी जात. एक श्वास एका वाटीवर. मग दारात जाऊन मोकळी हवा घ्यायची आणि परत येऊन दुसऱ्या वाटीवर एक श्वास. दादांचं जेवण कमी झालं होतं, त्यांना रक्त द्यायला पुन्हा नेलं होतं, पुढची तपासणी जवळ येत होती. नाकताई दोनदा गिरणीतून लवकर घरी आल्या. मालकाला म्हणाल्या, आज माझं नाक चालत नाही. एवढ्या वर्षांत त्या असं कधी म्हणाल्या नव्हत्या.

तपासणीच्या आधीचा रविवार होता. दुपारी मी बसलो असताना त्यांनी दोन्ही वाट्या आणून दादांच्या समोर टेबलावर ठेवल्या.

"दादा, याचा वास घे."

दादांनी पहिली वाटी नाकाशी नेली आणि लांब धरली. "शी. रंगाचा डबा उघडा राहिलाय असं वाटतं."

"आता हिचा घे."

"याला काही वास नाही. तेलाचा आहे."

"दोन्ही तेलं एकाच डब्यातली. खिळेही एकाच पुडीतले," नाकताई म्हणाल्या. "दुसरीत मी राखण घातली. दोन गोळ्या." त्यांनी टेबलाची कड धरली. "तेवढीच मी रोज तुझ्या दुधात घालत होते. औषध सुरू झाल्यापासून."

दादांनी एकदा वाट्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "डॉक्टर तिथून खवट करणार आणि तू इथून ताजं ठेवणार."

"मला वाटलं, चांगल्या पेशी वाचतील."

"आणि वाईट?"

"राखणीला कुठे कळतंय चांगलं-वाईट." नाकताई म्हणाल्या. "टाकीत घातली की सगळ्या टाकीला लागते. हे मला माहीत असायला हवं होतं. मलाच."

दादा हसू लागले. हसता हसता त्यांना खोकला आला, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते नुसत्या खोकल्याचं नव्हतं. "अगं बये," ते म्हणाले, "जगात भावाचे लाड सगळ्याच करतात. तू त्याच्या कर्करोगाचेही केलेस."

नाकताई हसल्या नाहीत. "सांगितलं तर तुला काढून टाकतील प्रयोगातून. नियम मोडला म्हणून. मी आता गोळ्या बंद केल्यात. न सांगता राहिलो तर कदाचित पुढच्या वेळी बरा निकाल येईल."

मला त्यांचं म्हणणं पटू लागलं होतं, हेही लिहून ठेवतो.

"डेपोत गाडी दुसऱ्याच्या हातात देताना एक पद्धत असते," दादा म्हणाले. "खाली उतरायचं, पुढच्या चालकासमोर उभं राहायचं आणि गाडीची खोड तोंडानं सांगायची. ब्रेक उशिरा लागतो, दार अडकतं, जे असेल ते. माझ्या हातून गाडी कुठे घासली असेल तर तेही. तेव्हा लाज वाटते. पण न सांगता घरी गेलो, तर पुढचा उतारावर मरतो." त्यांनी खवट तेलाची वाटी बहिणीकडे सरकवली. "त्या बाईंना वाटतंय, औषधच कुचकामी आहे. माझ्या मागे किती माणसं रांगेत आहेत कोण जाणे. उद्या सांगू. मी सांगतो."

"नाही," नाकताई म्हणाल्या. "घासली मी आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी उभ्यानेच सांगितलं. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. गोळीचं नाव, किती, कधीपासून, कधी थांबवली. गिरणीत "थांबवा" म्हणताना असतो तसा आवाज काढायचा त्यांचा प्रयत्न होता. तो शेवटच्या वाक्यापर्यंत टिकला नाही.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. त्या रागावतील अशी माझी तयारी होती. त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मी खोक्यावर चित्र काढलं, पण ई जीवनसत्त्वाचं नाव घेऊन सांगितलं नाही. तुम्ही काम काय करता, हे मी विचारायला हवं होतं."

"तुम्ही सगळं सांगितलं होतं," नाकताई म्हणाल्या. "मी मान हलवली होती."

"ते मला वर कळवावं लागेल. दादा प्रयोगात राहतील की नाही, हे माझ्या एकटीच्या हातात नाही."

निर्णय यायला काही दिवस लागले. दादांना ठेवायचं ठरलं, पण लगेच नाही. ई जीवनसत्त्व अंगातल्या चरबीत मुरून बसतं, ते उतरायला काही आठवडे जाऊ द्यायचे. तोवर प्रकृती टिकली तर औषध नव्याने सुरू. टिकली नाही तर प्रश्नच मिटला. हे शेवटचं वाक्य दादांचं. डॉक्टरबाईंनी ते फार सौम्यपणे सांगितलं होतं.

ते आठवडे नाकताईंसारख्या बाईला अवघड होते, कारण करण्यासारखं काहीच नव्हतं. काही घालायचं नाही, ढवळायचं नाही, झाकण लावायचं नाही. दादांना ताप आला, रुग्णालयात ठेवावं लागलं, तोंड आलं, बोलणं थांबलं. नाकताई खाटेजवळ स्टुलावर बसून राहत. एकदा मी गेलो तर त्या भावाचा हात दोन्ही तळहातांत धरून हळूहळू चोळत होत्या, थेंब कोमट करतात तसा. मला पाहून थांबल्या.

"गार पडतात त्याचे हात," त्या म्हणाल्या.

"चोळा की. याला कुणाची परवानगी लागत नाही."

ताप उतरला. दादा घरी आले, अंगाने आधीच्या निम्मे होऊन. औषध पुन्हा सुरू झालं. खिडकीतली राखण नसलेली वाटी अजून तिथेच होती आणि आता तिचा वास दारापर्यंत येई. मी ती टाकून द्यायला सुचवलं. ज्या बाईने माझ्या डांबराच्या गोळ्या जिन्याखालून हेरल्या, ती म्हणाली, "राहू द्या. मला सवय करायचीय."

निकालाच्या दिवशी डॉक्टरबाईंनी खोकं पुढे ओढलं आणि बरेच गोल काढले. मग त्यातले निम्म्याहून जास्त एकेक करून खोडले. "एवढ्या गेल्या," त्या म्हणाल्या. "सगळ्या नाहीत. आणि गेलेल्या परत येणार नाहीत असंही मी म्हणत नाही. पण औषध काम करतंय."

नाकताईंनी ते खोकं मागून घेतलं. ते त्यांच्या तेलाच्या डब्यामागे उभं आहे. वाटी त्या दिवशी घासली गेली.

याला वर्ष होत आलं. दादा पूर्ण बरे नाहीत. दर महिन्याला रुग्णालयाच्या फेऱ्या चालूच असतात. पण दुपारी वर्तमानपत्राचा मधला भाग त्यांना लागतो आणि तो मी आधी घेतला तर ते कुरकुर करतात. संध्याकाळी नाकताई दुधाचा पेला आणतात. दादा तो हातात घेतात, पेल्यावर दुसऱ्या हाताचा आडोसा धरतात, डोळे मिटतात आणि एकच श्वास घेतात.

"जाऊ दे?" नाकताई विचारतात.

"आधी तू एक घोट घे."

त्या निमूटपणे घोट घेतात आणि पेला परत देतात. मग दादा पितात.